बेचाळीस हिरव्या खुणा

त्या कागदावर मी सही केली नाही. पुढे कोणाचे बूट भिजले, कोणाची मान खाली गेली आणि माझ्या अब्रूचं नेमकं किती उरलं, ते सगळं क्रमाने सांगणारच आहे. पण सही केली नाही हे आधी सांगून ठेवतो, कारण आमच्या इमारतीत अजून अशी बातमी फिरते आहे की मी शेवटी 'समाधानी आहे' असं लिहून दिलं आणि खाली सही ठोकली.

आमची गाडी राखाडी आहे. घेतली तेव्हा ती चंदेरी आहे असं विकणाऱ्याने सांगितलं होतं, आणि पहिली चार वर्षं आम्हीही तसंच म्हणत होतो. आता ती तेरा वर्षांची आहे. मागच्या एका दाराची काच हाताने वर ओढावी लागते, वळताना कुठूनतरी पारवा घुमल्यासारखा आवाज येतो, पण एसी मात्र असा की आई म्हणते, "यात बसलं की विहिरीच्या काठी बसल्यासारखं वाटतं." आणि एके दिवशी ती खरोखरच विहिरीच्या काठी बसली.

झालं असं, की तिला डॉक्टरांकडून घरी आणत होतो. आई पुढे, माझ्या शेजारच्या सीटवर. तिच्या गुडघ्यांना पुढेच जागा पुरते, म्हणून बायको मागे. अर्ध्या वाटेत आई म्हणाली, "अरे, माझे पाय गार पडले." मला वाटलं, वय झालं. पुढच्या वळणावर तिची एक चप्पल तरंगत माझ्या बाजूला आली. 'तरंगत' या शब्दाला बायकोची हरकत आहे. तिच्या मते चप्पल नुसती घसरली. पण आली, हे तीही नाकारत नाही.

आईने पाय वर घेतले, खाली वाकून पाहिलं आणि तिच्या नेहमीच्या सवयीने दोन ओळी जुळवल्या:

"वारा घाली वरती, पाय धुवी खाली,
लेकाची माझ्या गाडी, सून की हो झाली!"

मागून बायको म्हणाली, "आई, मी कधी धुतले तुमचे पाय?"

"म्हणून तर गाडीचं कौतुक," आई म्हणाली.

आईच्या या ओळींबद्दल थोडं सांगायला हवं, कारण सगळा जीव तिथे अडकला आहे. माझी मावशी आईहून सात वर्षांनी मोठी, सहा तासांच्या अंतरावर राहते. लहानपणापासून या दोघींचा एक खेळ आहे. एकीने पहिली ओळ टाकायची, दुसरीने तिला दुसरी जोडायची. पूर्वी पाणी भरताना, मग पत्रातून, आणि अलीकडे दर गुरुवारी दुपारी फोनवरून. आई म्हणायची, "गुडघे माझे दुखती, जिना झाला डोंगर," आणि तिकडून मावशीचा चिरका आवाज यायचा, "माझीच झाली टेकडी, हलेना ग तसूभर!" मग दोघी फोनचे कान फाटेस्तोवर हसायच्या.

गेले तीन गुरुवार मावशीकडून दुसरी ओळ आली नव्हती. आई पहिली ओळ टाकायची आणि फोन कानाला धरून बसून राहायची. तिकडून नुसता श्वास. चौथ्या गुरुवारी मावसबहिणीने फोन हातात घेतला आणि म्हणाली, "मावशी, जमलं तर येऊन जा. आई दिवसभर खिडकीकडे बघत असते." आईने फोन ठेवला आणि कपाटातून आपली पिशवी काढली. येता रविवार सोडून पुढच्या रविवारी जायचं ठरलं.

आता पेच असा. डॉक्टरांनी बजावलेलं, उन्हातून नेऊ नका, गाडी गार असेल तरच न्या. एसी बंद ठेवला तर आईला चक्कर येते. चालू ठेवला तर पायाशी तळं साचतं आणि रात्री तिच्या पोटऱ्यांत गोळे येतात. भाड्याच्या गाड्यांत आरशाला सुगंधी बाटली टांगलेली असते, तिच्या वासाने आईला पहिल्याच चौकात उलटी होते. तेव्हा आमचीच गाडी, आमचाच एसी, आणि पाणी बंद. रविवारच्या आत.

इमारतीत बातमी पोचायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी सांगितलं की जुन्या मोज्यांत तांदूळ भरून पायाशी ठेवा, पाणी शोषलं जातं. त्यांच्या भाच्याचा मोबाइल असाच वाचला होता. आम्ही ठेवले. तांदूळ फुगले, पाणी तेवढंच राहिलं, आणि गाडीला चार दिवस शिजू घातल्याचा वास येत होता.

समोरच्या दारातले इंजिनिअरसाहेब मात्र जाणकार. त्यांनी आयुष्यभर धरणं बांधली. निवृत्त झाल्यापासून ते इमारतीतल्या नळांकडे तशाच नजरेने बघतात. त्यांनी गाडीत डोकं घातलं, गालिचा दाबून पाहिला आणि गंभीरपणे म्हणाले, "पाणी कुठेतरी अडलंय."

"कुठे?"

"ते शोधायला लागेल. पण अडलंय. माझा अनुभव आहे."

इंजिनिअरसाहेबांवर माझा विश्वास बसण्याचं एक कारण आहे. त्याचा या प्रकरणाशी काही संबंध नाही, पण माझ्या हातांत काडीचं कौशल्य नाही असं ज्यांना वाटतं त्यांच्या माहितीसाठी सांगतो. दोन महिन्यांपूर्वी सोसायटीच्या सचिवांनी मला नोटीस दिली होती: 'आपल्या वाहनातून होणाऱ्या गळतीमुळे पार्किंगच्या नव्या फरशांवर डाग पडत आहेत.' खरं होतं. गाडी उभी केली की पुढच्या भागातून थेंब थेंब पाणी पडायचं. तेव्हा याच इंजिनिअरसाहेबांनी मला सतरंजीवर उताणं झोपवून गाडीखाली सरकवलं, वरून बॅटरी दाखवली आणि सांगितलं, "ती बोटाएवढी रबरी नळी दिसते? तिथून येतंय. बंद करा." मी आईच्या तेलाच्या बाटलीचं रबरी बूच त्या नळीत ठोकून बसवलं. पहिल्याच प्रयत्नात! फरशा कोरड्या ठणठणीत. सचिवांनी आभाराचं पत्र दिलं, ते मी फायलीत लावून ठेवलं आहे. असो. सांगायचा मुद्दा, साहेबांचा सल्ला म्हणजे काम फत्ते.

पण या वेळी साहेब 'अडलंय' याच्या पुढे सरकेनात, म्हणून मी गाडी वर्कशॉपमध्ये नेली.

वर्कशॉप म्हणजे पूर्वीसारखं उरलेलं नाही. पूर्वी आत शिरलं की ऑइलचा वास यायचा आणि कोणीतरी गाडीखालून "काय झालं?" असं विचारायचं. आता आधी काचेची खोली लागते. सोफा, कॉफीचं यंत्र, कुंडीत प्लास्टिकचं झाड, आणि भिंतीवर एका कुटुंबाचा फोटो, ज्यातले चौघेही गाडीकडे बघून हसताहेत. आमच्या घरात आम्ही तिघे गाडीकडे बघून एकदम कधी हसलेलो नाही. पलीकडे मोठी काच, तिच्यातून आपली गाडी दिसते; बॉनेट उघडलेलं, अंगावर कापड टाकलेलं. नातेवाईक काचेबाहेर उभे राहतात तसे आपण कॉफीचा कागदी पेला धरून उभे.

माझ्याकडे एक टायवाला आला. बिचारा चांगला होता. त्याच्या हातात पाटीएवढी स्क्रीन होती आणि तो माझ्याऐवजी तिच्याशी बोलायचा.

"सर, गॅस कमी झाला असेल. भरून देतो."

"एसी गार आहे हो. इतका गार की पाणी पडतंय."

"तेच सर. गॅस भरला की बॅलन्स होईल."

गॅस भरला. दुसऱ्या दिवशी आईचे पाय ओले. परत गेलो. या वेळी 'आतली स्वच्छता' निघाली. त्यांनी कसलासा फवारा मारला. गाडीला लिंबाचा वास येऊ लागला, म्हणजे आधीच्या तांदळाला फोडणी मिळाली. पाणी तसंच. फक्त आता आईचे पाय सुगंधी पाण्यात होते.

तिसऱ्यांदा शुक्रवारी गाडी तिथेच ठेवून आलो आणि शनिवारी सकाळी आणायला गेलो. टायवाल्याने दबक्या आवाजात, डॉक्टर सांगतात तसं सांगितलं, "सर, कूलिंग कॉइल गेलीये. सगळा डॅशबोर्ड खोलावा लागेल. पार्ट मागवायचा, आठ-दहा दिवस." आणि खर्च सांगितला. तो आकडा मी इथे लिहीत नाही. बायको हे वाचणार आहे आणि तिला मी वेगळा सांगितला आहे.

"मला उद्या आईला घेऊन जायचंय. कॉइल नको. गाडी द्या."

"चालेल ना सर. नुसती इथे सही करा."

त्याने कागद पुढे केला. बेचाळीस बाबींची तपासणी. बेचाळीसच्या बेचाळीस बाबींपुढे हिरवी खूण. मी वाचायला लागलो तसा टायवाला अस्वस्थ झाला. तो कागद वाचणारा पहिलाच माणूस मी असावा.

माझ्या या सवयीचं कारण माझी नोकरी. मी रेकॉर्ड खात्यात आहे. चोवीस वर्षं एकच शिक्का माझ्या हातात आहे: 'तपासले'. लोक मला खडूस म्हणतात, कबूल. माझ्या टेबलावर कागद पडून राहतात, तेही कबूल. पण न बघता शिक्का मारला, असा एक कागद कोणी मला आणून दाखवावा. साहेब लोक आले-गेले, टेबल तीनदा बदललं, शिक्क्याचा दांडा दोनदा तुटला. पण तो शब्द मी वाकू दिलेला नाही. घरात माझं फारसं चालत नाही, सोसायटीत तर अजिबात नाही. त्या एका शब्दापुरता मी राजा आहे.

कागदाच्या तळाशी दोन चौकोन होते. 'मी पूर्ण समाधानी आहे' आणि 'मी अत्यंत समाधानी आहे'.

"तिसरा चौकोन कुठंय?"

"कुठला सर?"

"समाधानी नाही, असा."

टायवाला खरोखर विचारात पडला. "तसा पर्याय नसतो सर. आणि सही झाल्याशिवाय सिस्टिम गेटपास देत नाही. गेटपासशिवाय वॉचमन गाडी सोडत नाही."

"म्हणजे मी समाधानी होत नाही तोवर माझी गाडी तुमची?"

"तसं नाही सर, पण… हो."

शेजारी एक शिक्षिका बसल्या होत्या. दाढ उपटून घेताना करतात तसा चेहरा करून त्यांनी 'अत्यंत समाधानी'वर खूण केली आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. तो चेहरा बघून माझ्या आत काहीतरी ताठ झालं. मी कागद घडी करून खिशात घातला, काचेचं दार ढकलून आत गेलो, गाडीत बसलो, दार लावलं आणि एसी चालू केला.

"मी इथेच आहे," मी काच खाली करून सांगितलं. "तुमच्या सिस्टिमला सांगा, ग्राहक आतून बंद आहे."

अर्ध्या तासात मॅनेजर आला. पांढरा शुभ्र शर्ट, तपकिरी बूट असे चकचकीत की त्यांत माझी गाडी चंदेरी दिसत होती. तो गोड बोलला, मग कमी गोड बोलला. मी प्रत्येक वेळी एकच वाक्य म्हणत होतो, "मी समाधानी नाही." दहाव्यांदा म्हणताना मला त्या वाक्याची चाल सापडली. कोपऱ्यातल्या गाडीखालून एक मिशीवाला म्हातारा मेकॅनिक, ज्याला सगळे वस्ताद म्हणत, बाहेर सरकला, माझ्याकडे बघून पुन्हा आत सरकला. त्याच्या मिशीखाली हसू होतं की ग्रीस, ते कळलं नाही.

बाराच्या सुमाराला बायकोला फोन केला. ती म्हणाली, "करा हो सही. एवढं काय सोनं लागलंय तुमच्या सहीला?" मी तत्त्वाचा प्रश्न समजावून सांगितला. तिने फोन ठेवला. मला वाटलं, पटलं. तासाभराने पाहतो तर काचेच्या खोलीतून बायको येते आहे, तिच्यामागे काठी टेकत आई, आणि आईच्या खांद्याला ती पिशवी.

"आई, तू कशाला आलीस?"

"उद्या निघायचंय ना? तू उद्यापर्यंत इथेच बसणार असशील तर म्हटलं इथूनच निघू." असं म्हणून आई आपल्या नेहमीच्या जागी बसली. बायको मागे बसली. आमचं कुटुंब प्रवासाला निघाल्यासारखं त्या शेडमध्ये एकाच जागी उभं. एसी दीड तास चालू होता. पाच मिनिटांत आईने पाय वर घेतले.

"ओले?" बायकोने विचारलं.

आईने काचेतून त्या हसऱ्या कुटुंबाच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्या हातातल्या कागदाकडे.

"कागदावर खुणा, हिरव्या हिरव्यागार,
पाय माझे ओले, ओलेच राहणार."

एव्हाना सोफ्यावरचे तीन-चार ग्राहक जवळ येऊन उभे राहिले होते. एकाने दाद दिली. मला स्फुरण चढलं. मी गाडीतून उतरलो, कागद उघडला आणि भाषणाला तोंड फोडलं. "मंडळी, बेचाळीस खुणा! ब्रेक तपासले, टायर तपासले. सत्तावीस नंबर ऐका: 'एसीची पाणी जाण्याची नळी: तपासली, मोकळी आहे.' सगळं तपासलं, सगळं ठीक, मग माझ्या आईच्या पायाशी पाणी येतं कुठून? आभाळातून?"

"अरे," आई मागून म्हणाली.

"थांब आई. मंडळी, तपासणं म्हणजे काय…"

"अरे, तपासणं राहू दे. माझ्या तेलाच्या बाटलीचं बूच कुठंय? ताईच्या गुडघ्यांसाठी तेल घेतलंय. दोन महिने कापडाचा बोळा लावून भागवलं, पण प्रवासात बोळा निघून सगळं कपड्यांत सांडेल. तू नेलं होतंस ना ते? गाडीखालच्या कुठल्या नळीत घालायला?"

मी वाकून गाडीच्या नाकाखाली बघितलं. जमीन कोरडी ठणठणीत होती.

माणसाच्या डोक्यात काही गोष्टी दोन वेगवेगळ्या कपाटांत ठेवलेल्या असतात. एका कपाटात माझं कौशल्य होतं, दुसऱ्यात आईचे ओले पाय. मधलं दार आईने सहज, पिशवी चाचपता चाचपता उघडलं. एसीचं पाणी गाडीखाली पडायचं, कारण ते तिथेच पडायला हवं होतं. त्याच्यासाठीच ती नळी होती. मी तिला बूच मारलं. पाण्याने काही आठवडे वाट पाहिली आणि मग दुसरी वाट धरली. धरणं बांधणाऱ्याला अडवलेलं पाणी ओळखू आलं होतं. अडवणारे आम्ही दोघं मात्र एकमेकांच्या तोंडाकडे बघत होतो.

बायको मागच्या सीटवरून उतरली. तिला सगळं कळलं आहे हे मला तिच्या भुवयांवरून कळलं. ती माझ्या कानाशी आली. "ऐका. गप सही करा. बाहेर पडू. पहिल्या वळणावर गाडी थांबवा, खाली सरका, बूच काढा. कोणाला काही कळणार नाही. आई उद्या मावशींकडे."

खरं सांगतो, इतकी निर्दोष योजना मी आयुष्यात ऐकलेली नाही. अब्रू शाबूत, गाडी ताब्यात, आई मावशीकडे. मी पेन काढलंसुद्धा. टायवाल्याच्या चेहऱ्यावर पहाट झाली.

आणि पुन्हा तो सत्तावीस नंबर दिसला. 'तपासली, मोकळी आहे.' हे खोटं आहे हे सांगू शकणारा या अख्ख्या पृथ्वीवर मी एकटाच माणूस होतो, आणि तेही का, तर ते बूच मीच घातलं होतं. माझ्या मूर्खपणाशिवाय त्यांच्या खोटेपणाला दुसरा पुरावा नव्हता. मूर्खपणा लपवला तर त्यांचं खोटं खरं ठरणार, आणि त्याच्याखाली माझी सही असणार. 'तपासले' म्हणणाऱ्या कागदाखाली. माझी!

मी पेनाला टोपण लावलं.

"मॅनेजरसाहेब, ही नळी तुमच्या माणसाने तपासली?"

"अर्थात."

"डोळ्यांनी बघून?"

"सर, आमच्याकडे शंभर टक्के तपासणी होते."

"आणि ती मोकळी आहे?"

"एकदम मोकळी."

"मग तिच्यात माझ्या आईच्या तेलाच्या बाटलीचं बूच कसं काय आहे?"

शेडमध्ये कुठेतरी चाललेलं पाना फिरवायचं काम थांबलं. मॅनेजर हसला. "बूच? सर, काहीतरीच!" तो गाडीच्या नाकाशी उकिडवा बसला आणि खाली वाकून बघू लागला. तेवढ्यात वस्ताद आपल्या चाकांच्या फळीवर उताणा झोपून सुळकन आमच्या गाडीखाली गेला. आतून त्याचा आवाज आला, "आहे की हो! चांगलं ठोकून बसवलंय. कोणा दमदार हाताचं काम आहे."

एवढ्या सगळ्या प्रकरणात माझ्या हाताचं झालेलं ते एकमेव कौतुक.

"काढू?"

"काढा," मी म्हणालो.

प्लॉक असा आवाज झाला. दीड तासाचं पाणी एकदम सुटलं. वस्तादला धंद्याचा अनुभव, तो आधीच बाजूला झाला होता. मॅनेजरला नव्हता. ते चकचकीत तपकिरी बूट, त्यांच्या आतले मोजे आणि शर्टाची एक बाही, सगळं एका दमात न्हाऊन निघालं. लिंबाचा मंद सुवास पसरला.

आई खिडकीतून डोकावून म्हणाली, "बघा, किती गार असतं ते."

मॅनेजर उभा राहिला. त्याची बाही निथळत होती, पण माणूस मोठा तयारीचा. बोट रोखून म्हणाला, "म्हणजे चूक तुमचीच निघाली, सर! बूच तुम्हीच घातलंत! आणि वर आमच्यावर ओरडता?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मघाशी दाद देणारा गृहस्थसुद्धा. कान तापले. पण का कोण जाणे, लाज जेवढी वाटायला हवी होती तेवढी वाटेना.

"होय," मी म्हणालो. "बूच मी घातलं. याच हातांनी. शेजाऱ्याच्या सल्ल्याने आणि सोसायटीच्या धाकाने. मी मूर्ख आहे, हे आत्ता इथे सर्वांसमक्ष लिहून देतो आणि खाली तारीख टाकतो. आता तुमची पाळी. तुम्ही लिहून द्या, की तुम्ही दोनदा पैसे घेतलेत, डॅशबोर्ड खोलायला निघालात, पण एकदाही खाली वाकून बघितलं नाहीत. एक ओळ पुरे."

 मॅनेजरच्या बुटांतून चुळुक चुळुक आवाज आला.

मी कागद बॉनेटवर पसरला, सत्तावीस नंबरच्या हिरव्या खुणेवर काट मारली आणि शेजारी लिहिलं: 'नळीत बूच होतं. घालणारा: मी. न बघणारे: तुम्ही.' हे माझं आजवरचं सर्वांत स्वच्छ अक्षर.

"पण गेटपास…" मी टायवाल्याकडे वळलो.  मॅनेजरचा डोळा चुकवून तो हळूच म्हणाला, "सर, तसा एक पर्याय आहे. खाली, अगदी खाली सरकवलं की येतो. आम्ही कोणी वापरत नाही." आणि त्याने बोटाने स्क्रीन सरकवायला सुरुवात केली. सरकवतोय, सरकवतोय, विहिरीतून दोर ओढल्यासारखा. शेवटी वर आला: 'ग्राहकाने सही करण्यास नकार दिला.' खाली एक रिकामी जागा. कारण.

"कारण काय लिहू सर?"

"बूच," मी म्हणालो.

त्याने लिहिलं. सिस्टिमने क्षणभर विचार केला आणि गेटपास छापून दिला.

वस्तादने ते बूच आपल्या शर्टाला पुसलं आणि दोन्ही हातांनी आईपुढे धरलं. "घ्या, आई. अजून चांगलं आहे." आईने ते उजेडात धरून पाहिलं, बोळा काढला, बूच बाटलीला लावलं आणि बाटली उलटी करून बघितली. एक थेंब सांडला नाही.

"हे बघ, तपासलं," ती मला म्हणाली.

रविवारी पहाटे निघालो. बाहेर रणरणतं ऊन झालं तरी आत गारवा होता, पारव्यासारखा तो आवाज वळणावळणावर सोबतीला होता आणि आईचे पाय सहा तास कोरडे होते. ती मधूनमधून खाली हात लावून बघायची. गाडी मात्र वाटभर थेंब टाकत चालली होती. वाट चुकलो असतो तर त्या थेंबांवरून परत घरी येता आलं असतं.

मावशी खिडकीशी खाटेवर होती. केवढीशी झाली होती. आई तिच्या उशाशी बसली, तिचा हात हातात घेतला. मावशीने आईकडे पाहिलं, मग पुन्हा खिडकीबाहेर. बाहेर अंगणात आमची गाडी उभी होती आणि तिच्या नाकाखाली मातीत इवलंसं ओलं वर्तुळ पडत होतं. आईनेही तिकडे पाहिलं आणि हळू आवाजात पहिली ओळ टाकली:

"थेंब थेंब गळे, गाडी उभी दारी…"

 मावसबहीण पदर तोंडाला लावून दाराशी उभी. अंगणात थेंब पडत होते. मी मोजत होतो. अकरा झाले, बारा झाले. पंधराव्या थेंबाला मावशीचे ओठ हलले. आवाज पार आत गेलेला, पण चाल तीच.

"बहिणीच्या गावा आली, बहीण म्हातारी."

"म्हातारी कोणाला म्हणतेस ग?" आई म्हणाली, आणि मग दोघी हसल्या. आमच्याकडे बघायला त्यांना सवड नव्हती. मी गाडीपाशी गेलो आणि उगाच टायर तपासले.

चार दिवसांनी परतलो. गाडी पार्किंगच्या नव्या फरशांवर उभी केली. ती आनंदाने गळायला लागली. दुसऱ्या दिवशी दाराखालून नोटीस आली: 'आपल्या वाहनातून पुन्हा गळती सुरू झाल्याचे निदर्शनास आले आहे. त्वरित बंद करून खुलासा द्यावा.' मागोमाग इंजिनिअरसाहेब, हातात बॅटरी आणि काखेत सतरंजी. "चला, मी मोठं बूच आणलंय."

"साहेब," मी म्हणालो, "पाणी जाऊ द्या. आत या, चहा घ्या."

ते चहा पीत असताना मी ती नोटीस टेबलावर घेतली. खाली गेलो, गाडीखाली वाकलो, नळी बघितली. वर आलो. खुलासा द्यायच्या जागेवर लिहिलं: 'नळी स्वतः डोळ्यांनी तपासली. मोकळी आहे. मोकळीच राहील. मी अत्यंत समाधानी आहे.'

आणि खाली ठसठशीत सही केली. सचिवांनी ती नोटीस खाली फलकावर लावली आहे, मला शरम वाटावी म्हणून. इमारतीत जी बातमी फिरते आहे, ती त्या सहीची.